होस्टेलवर एकटं राहायला आवडत असेल तर काय करायचं? (आणि पुढच्या गुरुवारी वाढदिवस आहे)

बांधावरचा

नमस्कार मंडळी, इथे वाचतो बऱ्याच दिवसांपासून, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात फर्स्ट इयर इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजचं नाव सांगत नाही. मूळचा बार्शी तालुक्यातला. होस्टेलवर ऑगस्टपासून आहे. रूममध्ये आम्ही तिघं, खोली दहा बाय बाराची असेल, तीन कॉट, तीन लोखंडी कपाटं आणि मधून एक दोरी जिच्यावर कायम कुणाची तरी ओली जीन्स. पार्टनर दोघंही चांगले आहेत हे आधीच सांगतो, नाहीतर लगेच कुणीतरी रूम बदलून घे म्हणेल. एक परभणीचा, एक नाशिकचा. नाशिककराकडे मोठा स्पीकर आहे आणि त्याच्या घरून चिवडा येतो, त्यामुळे आमची रूम म्हणजे विंगचा एसटी स्टँड झालाय. दार लागतच नाही. कुणी चार्जर मागायला येतो आणि तासभर माझ्याच कॉटवर आडवा होतो, कुणी जर्नल कॉपी करायला येतो, रात्री एक वाजेपर्यंत मोबाईलवर बीजीएमआय हा गेम चालू, त्यात 'अरे मागून आला, मागून आला' अशी बोंबाबोंब.

सगळ्यांना वाटतं घरी याला स्वतःची खोली असेल म्हणून जमत नाहीये. तसं काहीच नाही. घरी आम्ही नऊ जण, दोन खोल्या आणि पुढं सोपा. स्वतःची खोली काय, स्वतःचं कपाट पण नव्हतं. पण आमच्याकडं शेतीला एक आठवडा दिवसाची लाईट असते आणि एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, मी जायचो. मी, बॅटरी आणि खोरं. एक वाफा भरेपर्यंत बांधावर बसून राहायचं, भरला की उठून दारं मोडायचं, पुढच्या वाफ्यात पाणी सोडायचं, परत बसायचं. मोटरीचा आवाज लांबून, आणि पाणी कोरड्या मातीत शिरताना एक बारीक चुरचुर आवाज येतो तो जवळून. चार-पाच तास कुणी विचारत नाही काय विचार करतोस, गप्प का आहेस, झोप झाली का. तेव्हा वाटायचं कंटाळवाणं काम आहे, मोबाईलला रेंज पण नसायची. आता दिवाळीला जाऊन आलो, चार रात्री पाणी धरलं, आणि परत रूमवर आल्यावर डोक्यात आलं की घरी खोली नव्हती असं म्हणतो मी, पण ती होती की, बांधावर होती.

इथं मला घुम्या म्हणतात. आधी राग यायचा, आता मेसचे मामा पण 'घुम्या भात वाढू का' म्हणतात. मला डिप्रेशन वगैरे काही नाही हो, आईशी रोज बोलतो, युनिट टेस्टला मार्क बरे आहेत, जोकवर हसतो पण. फक्त सलग तीन तास माणसांत बसलो की डोकं हँग होतं. मग मी काय करतो, शेवटच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून नुसता उभा राहतो. दहा-पंधरा मिनिटं. उन्हाळ्यात आमच्या गावात टँकर येतो, आणि मी इथं पाणी वाया घालवत उभा आहे, याची लाज वाटते ती वेगळीच.

आता मेन गोष्ट. पुढच्या गुरुवारी वाढदिवस आहे. मी कुणाला सांगितला नव्हता पण नाशिककराने फॉर्म भरताना माझं आधार कार्ड बघितलं आणि आता पूर्ण विंगला माहिती आहे. आमच्याकडे पद्धत म्हणजे बुधवारी रात्री बाराला उचलून पॅसेजमध्ये आणणार, चौघं हातपाय धरणार, बाकीचे जीपीएल म्हणजे मागून लाथा देणार, मग तोंडाला केक, अंडी, वरून बादली. मागच्या महिन्यात एकाचा चष्मा गेला. मला ते नको आहे. पण नको म्हणलं तर शिष्ट, माणूसघाणा, गावठी असून भाव खातो, हे सगळं ऐकावं लागणार आणि अजून साडेतीन वर्षं याच पोरांबरोबर काढायची आहेत.

तर काय करू? बुधवारी गावी पळून जाऊ का? आणि एकूणच हे होस्टेल सोडून बाहेर रूम बघू का, की सवय होते?

टवाळखोर

भावा तू इंजिनिअरिंगला आलायस का हिमालयात. दोन लाथा खा, केक खा, झोप. आमच्या वेळी बेल्टने द्यायचे. होते सवय. चार वर्षांनी हेच आठवून रडशील, लिहून ठेव.

पार्टनर_नंबर_दोन

टवाळखोर, आमच्या वेळी बेल्टने द्यायचे हे काय कौतुकाने सांगायची गोष्ट आहे का राव.

बांधावरचा, मी तुला पलीकडच्या बाजूने सांगतो, कारण मी तुमचा तो नाशिककर होतो. स्पीकर माझा, चकल्या माझ्या, दार उघडं ठेवायची सवय पण माझी. माझा पार्टनर सावंतवाडीचा, दोन वर्षं आम्ही एका रूममध्ये होतो आणि पहिले सहा महिने मला पक्कं वाटत होतं की हा माझ्यावर खार खाऊन आहे. रूमवर आला की कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपायचा, म्हणजे झोपायचा नाही, नुसता पडायचा. मी विचारायचो काय झालं, तो म्हणायचा काही नाही. मग मला वाटायचं काहीतरी झालंच आहे, म्हणून मी अजून बोलायचो, त्याला खुलवायला अजून चार पोरं बोलवायचो, तो अजून भिंतीत घुसायचा. मी आपलं चांगुलपणानेच करत होतो हे लक्षात घे, मला घरी चार भावंडं, कोपऱ्यात गप्प बसलेला माणूस म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंय एवढंच मला माहिती.

एक दिवस, सबमिशनचे दिवस होते, तो उठून बसला आणि म्हणाला, मी तुझ्यावर चिडलेलो नाहीये, मला फक्त संध्याकाळी सात ते नऊ कुणाशी बोलायचं नसतं. मी म्हणलं, एवढंच? खरंच एवढंच म्हणलं मी. कारण 'माझा स्वभावच असा आहे', 'मला एकांत लागतो' हे तो आधी दोनतीनदा म्हणाला होता आणि त्यावर मी काय करायचं असतं हे मला कळलंच नव्हतं. स्वभावाला मी काय करणार? सात ते नऊ म्हणल्यावर कळलं, मी त्या वेळात जिमला जायला लागलो, स्पीकर शेजारच्या रूममध्ये नेला.

पुढे त्याने एक पंचा ठेवला होता, कोकणातला तो लाल काठाचा असतो ना तसला. त्याला बोलायचं नसलं की तो कॉटच्या दांडीवर टाकायचा. विंगमध्ये माहिती झालं, पोरं दारातून डोकावायची, 'पंचा लागलाय रे' म्हणायची आणि पुढे जायची. चेष्टा झालीच, पंचावरून त्याला भटजी पण म्हणाले, पण लोक पंचा पाळायचे. तेव्हा तू पार्टनरला वेळ सांग, घड्याळातली. आणि वाढदिवसाचं पण त्यांनाच आधी सांग, विंगला नको. दाराशी उभा राहणारा एक जण आपला लागतो.

गावी पळू नकोस. गेलास तर परत आल्यावर घेतील, व्याजासकट.

बांधावरचा

पार्टनर दादा, हे वाचून जरा गप्पच झालो (म्हणजे नेहमीपेक्षा जास्त). मी पण 'माझा स्वभाव असा आहे' हेच म्हणत आलोय. बाहेर रूम घ्यायचं कुणी सांगेल का, कॉट बेसिसवर वगैरे? परवडत असेल तर.

पेठेतली_पाहुणी

कॉट बेसिस! अरे बाळा, कॉट बेसिस म्हणजे एकांत नव्हे, कॉट बेसिस म्हणजे फक्त कॉट. मी सदाशिव पेठेत दीड वर्ष राहिले आहे कॉट बेसिसवर. एका खोलीत चार जणी, तिथल्या पार्टनर तू निवडत नाहीस, खाली मालकीण बाई, दुपारी एक ते चार जिन्यात बोलायचं नाही, कपडे वाळत घालायची दोरी वाटून दिलेली, आणि डबा लावलास तर डबेवाल्याच्या वेळा. एकट्याने वन आरके (एक खोली आणि किचन) घ्यायचा म्हणशील तर डिपॉझिट, ब्रोकर, गॅस, आणि आजारी पडलास तर पेज करून द्यायला कुणी नाही. फर्स्ट इयरला घरच्यांच्या पैशावर हे करू नकोस, होस्टेल स्वस्त आहे तोवर तिथेच राहा आणि जागा दुसरीकडे शोध.

त्याआधी मी पण लेडीज होस्टेलला होते आणि एक सांगू का, मुलांना निदान टेकडी आहे, रात्री नऊला पण कुणी अडवत नाही. आम्हाला साडेआठला हजेरी. गेटवरच्या रजिस्टरमध्ये कुठे चाललीस आणि कुणाबरोबर असे दोन रकाने, आणि दुसऱ्या रकान्यात मी 'एकटी' लिहिलं की मामी चष्म्यावरून बघायच्या. दुकलीने गेलेल्या मुलींना कधी विचारलं नाही, मला मात्र दर वेळी 'एकटी का गं?' शेवटी मी खोटंच एका मैत्रिणीचं नाव टाकायला लागले. ती बिचारी रूमवर झोपलेली असायची.

मला वाचवलं ते अभ्यासिकेने. पेरूगेटच्या बाजूला, पेठांमध्ये गल्लोगल्ली आहेत, सगळी एमपीएससीवाली पोरं. महिन्याची फी भरायची, एक टेबल, दोन्ही बाजूंना प्लायवूडची फळी, वर एक ट्यूबलाईट. साठ माणसं बसलेली असतात आणि आवाज फक्त पंख्याचा आणि पानं उलटण्याचा. कुणी तुझं नाव विचारत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक दादा वर्षभर बसायचे, त्यांची स्टीलची पाण्याची बाटली मी अजून ओळखेन, तोंडओळख तेवढीच. मी तिथे अभ्यास किती केला ते सोड, कितीतरी संध्याकाळी नुसती बसून असायचे. तुझ्या कॉलेजला रीडिंग हॉल असेलच, आधी तो बघ, फुकट आहे.

बाकी किरकोळ गोष्टी. मेस उघडते त्याच मिनिटाला जा, गर्दी नंतर येते आणि पोळ्या पण गरम मिळतात. रविवारी सकाळी साडेपाच ते साडेआठ होस्टेल म्हणजे तपोवन असतं, तेव्हा लोळत पडू नकोस. केमिस्टकडे फोमचे इअरप्लग मिळतात, ते घे. आणि मच्छरदाणी लाव! हसू नकोस. मी चौकोनी मच्छरदाणी लावून पायाकडच्या आणि एका कडेच्या बाजूने जुनी साडी टाकली होती. आत एक छोटा दिवा. रूममेटची मैत्रीण यायची ती कॉटवर बसायची बंद झाली, कारण मच्छरदाणी उचलून आत शिरायला माणसाला जरा संकोच वाटतोच. डासांमुळे लावली म्हणायचं, कुणाला राग पण येत नाही.

रेक्टर_होते

मी अकरा वर्षं मुलांच्या होस्टेलची रेक्टर होते, नोकरी सांभाळून ती जबाबदारी गळ्यात पडली होती, त्यामुळे दोन शब्द.

बांधावरचा, तुला लाथा नको असतील तर तो भाव खाणं नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. यूजीसीचे नियम २००९ चे. ॲडमिशनच्या वेळी तू आणि तुझ्या पालकांनी एक प्रतिज्ञापत्र भरून दिलं असेल, सगळे न वाचताच भरतात, ते यासाठीच. मनाविरुद्ध धरून मारणं याला वाढदिवसाचं नाव दिलं म्हणून ते वेगळं होत नाही, असं माझं मत आहे आणि मी तसंच वागत आले. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेव, लागेलच असं नाही.

मी कडक का झाले ते सांगते. एका मुलाला अशाच वाढदिवसाला माकडहाडाला लागलं. रात्री एक वाजता रिक्षात त्याला पालथं घालून मी आणि वॉचमन घेऊन गेलो. तीन आठवडे त्याला बसता येत नव्हतं आणि सबमिशन त्याच आठवड्यात. ड्रॉइंगच्या शीट्स त्याने उभ्याने काढल्या. मारणारी सगळी त्याची मित्रमंडळीच होती हो, हॉस्पिटलच्या बाहेर रडत बसली होती. केक अजून पॅसेजमध्ये तसाच पडलेला.

पण तक्रार हे पहिलं पाऊल नसतं. पार्टनरने वर सांगितलंय तसं आधी मुलांशी बोल. नाही ऐकलं तर बुधवारी संध्याकाळीच रेक्टरच्या कानावर घाल, नाव न सांगता विंगमध्ये राऊंड मारा म्हणायचं. बाराला राऊंड असला की सगळं आपोआप निवळतं, मी हेच करायचे.

दुसरं, तू स्वतःच लिहिलंस की आईशी बोलतो, हसतो, जेवतो. छान. मी गप्प मुलांची कधी काळजी केली नाही. काळजी करायचे ती मेस चुकवायला लागलेल्या मुलांची, आंघोळ बंद झालेल्यांची, घरचा फोन कट करणाऱ्यांची, आणि त्यातले निम्मे पूर्वी चांगले बडबडे होते. तसं कधी वाटलं, तुला किंवा शेजारच्या कुणाला, तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, मराठीत बोलतात. बस.

टवाळखोर

रेक्टर मॅडम, बेल्टचं मी जरा वाढवून सांगितलं होतं. चपला होत्या. आणि माझ्या स्वतःच्या वाढदिवसाला मी मावशीकडे चिंचवडला पळालो होतो, आता विषय निघालाच आहे तर.

रंकाळाकाठ

तरुण मंडळींच्यात बोलतोय, वय एकसष्ट, राग नसावा.

आमच्या कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. तिकडं साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातीधर्माची पोरं एकत्र, पोरांनीच स्वयंपाक करायचा आणि एका पंगतीत जेवायचं. १९२७ ला गांधीजी तिथं आले होते. पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र सुद्धा मोडलं ही गोष्ट आम्ही शाळेत ऐकत मोठे झालो. सांगायचा मुद्दा, बोर्डिंग ही गोष्टच मुळात पोरांनी एकत्र राहावं म्हणून निघाली. तिथं भाकरीचा प्रश्न होता, एकट्याला कोपरा मिळावा हा हिशोब त्यात कुणी धरलाच नव्हता, आणि धरला नाही म्हणून नावं पण ठेवता येत नाहीत. तुमच्या होस्टेलात आज पण दहा बाय बारात तिघं आहेत ते त्याच नकाशावर.

पण माझे वडील बोर्डिंगात शिकलेले. ते सांगायचे, एका हॉलमध्ये वीस वळकट्या आणि मधून चालायला पाऊलभर वाट. ते पहाटे चारला उठून पंचगंगेच्या घाटावर जायचे, आंघोळीचं निमित्त. आंघोळ पाच मिनिटांची, बसायचे तासभर. पुढं नोकरी लागली, घर बांधलं, वरच्या मजल्यावर त्यांना स्वतंत्र खोली होती. तरी सत्तरीत सुद्धा चारला उठून, दार हळू ओढून घेऊन, बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. आई म्हणायची, बोर्डिंगची खोड. वरच्या खोलीत ते कधी बसलेले मला आठवत नाहीत, तिथं आम्ही गहू ठेवायचो.

एल्बेकाठी

जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करतोय, त्याआधी पुण्यातच होस्टेलला होतो, आणि मी पण घुम्याच. (आमच्याकडे म्यूट म्हणायचे.)

तेव्हा मी इथल्या होस्टेलचे फोटो बघून उसासे टाकायचो. आता मिळालंय ते सगळं. माझी एकट्याची खोली, बारा स्क्वेअर मीटर, दाराला कुलूप, किचन पाच जणांत कॉमन, फ्रीजमध्ये प्रत्येकाचा वेगळा कप्पा. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेचे तास, हे चक्क नियमावलीत छापलेलं आहे. रविवारी दिवसभर शांतता, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत कारण आवाज होतो. पहिले दोन महिने मी स्वर्गात होतो.

मग डिसेंबर आला. चारला अंधार. एका सोमवारी बेकरीत ब्रेड मागायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना, घोगरा कायतरी निघाला. मग मोजलं तर शुक्रवार दुपारपासून मी एक शब्द बोललो नव्हतो, कुणाशीच. घाबरलो बिबरलो नाही, पण संध्याकाळी पोहे करायला घेतले आणि खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं, किचनचं पण. फोडणी जास्त तापली, मिरचीचा धूर झाला आणि स्मोक अलार्म वाजायला लागला. चारही पार्टनर खोकत पॅसेजमध्ये, एक चिनी मुलगा तर बाथरोबमध्ये. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची नावं कळली. आता महिन्यातून एकदा ते 'अलार्मवाला भात' मागतात, पोह्यांना भात म्हणतात, मी सुधारायचं सोडून दिलंय.

तुला हे सांगून आत्ता काही उपयोग नाही हे मला माहिती आहे. उपाशी माणसाला अजीर्णाच्या गोष्टी. फक्त वन आरके घेऊ नकोस या पाहुणीताईंच्या मताला माझं अनुमोदन, आणि मच्छरदाणीची आयडिया मला सात वर्षांपूर्वी कुणी का नाही दिली.

बांधावरचा

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय. आज शनिवार. झालं काय ते सांगतो.

सोमवारी परभणीकराला मेसमध्ये सांगितलं, साडेसातला, मेस उघडली तेव्हाच, पाहुणीताईंचं ऐकून लवकर गेलो होतो आणि हा पण नेमका आलेला. म्हणलं मला रोज सात ते नऊ रूममध्ये शांत पडायचं असतं आणि बुधवारी केक चालेल, लाथा नको. तो म्हणाला, 'अरे मग सांगायचं की. आम्हाला वाटलं तुला आमचं बोलणं आवडत नाही का काय.' नाशिककराला मात्र लागलं. 'म्हणजे आम्ही त्रास देतो असं म्हणायचंय का तुला?' एक दिवस बोलला नाही माझ्याशी. गंमत बघा, तो बोलत नव्हता तर मला चैन पडेना. मी दोनदा विचारलं काय झालं, तो म्हणाला काही नाही.

सात ते नऊ आतापर्यंत पाचात तीन दिवस जमलंय. पंचा नाहीये, माझ्याकडे आमच्या घरच्या अण्णांचं जुनं उपरणं आहे ते टाकतो.

बुधवारी साडेअकरापर्यंत रीडिंग हॉलला बसलो. बाराला चौदा-पंधरा पोरं आली, आणि हा नाशिककर, जो माझ्यावर रुसला होता, दारात आडवा उभा राहिला आणि ओरडला, 'केक त्याला, लाथा मला.' पोरांना काय, कुणीतरी पाहिजे. त्यालाच उचलला. रेक्टर मॅडम, मी मधे पडलो, खरंच, पहिल्यांदा विंगमध्ये मोठ्याने ओरडलो, 'हळू रे, माकडहाड!' सगळे एक क्षण थांबले, कुणी घुम्याचा आवाज एवढा ऐकलाच नव्हता, आणि मग इतके हसले की लाथा तिथेच संपल्या. आता माझं नाव माकडहाड पडलंय. हे घुम्यापेक्षा बरं की वाईट ते अजून ठरलं नाही.

केक कानात गेला. ते लोक अडीचपर्यंत बसले, मी दीडला इअरप्लग घालून मच्छरदाणीत शिरलो, कुणी काही बोललं नाही.

गुरुवारी रात्री अण्णांना फोन लावला. या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, ते शेतातच होते, ज्वारीला पाणी चालू होतं. आमच्या रानात एका लिंबाखाली उभं राहिलं तरच रेंज येते, तिथून बोलत होते. वाढदिवसाचं काही म्हणाले नाहीत, लक्षात नसेल. काय केलं, जेवला का, एवढं झालं आणि मग दोघंही गप्प. मी जिन्यात बसलो होतो. त्यांनी फोन ठेवला नाही, मी पण नाही ठेवला, मागं मोटरीचा आवाज येत होता. मग म्हणाले 'वाफा भरला, ठेवतो.' बावीस मिनिटं झाली होती कॉलला.

रूम नाही बदलत सध्या. नाशिककर म्हणतो दोन लाथांच्या बदल्यात दोन मिसळी, एक्स्ट्रा पाव सोडून.

टवाळखोर

मिसळ पुण्यातली खायला घालू नकोस नाशिकच्या माणसाला, परत रुसेल.

पार्टनर_नंबर_दोन

उपरणं धुवत जा अधूनमधून. आमच्या पंचाला शेवटी वास यायला लागला होता, लोक न बोलण्यापेक्षा त्यानेच लांब राहायचे.